भाईंचं पिस्तूल आणि टरफलांचं तेल

गुणाजी मेस्त्री बंदुकीचं लाकूड घरी आणी, लोखंड कधीच नाही. खाजणवाडीपासून कसालपर्यंत ज्यांच्या घरात परवान्याची बंदूक होती, त्या सगळ्यांना त्याचा हा नियम माहीत होता. डुकरं हाकायला ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकीचा दस्ता तडकला की निरोप येई. गुणाजी मालकाच्या ओटीवर जाऊन स्क्रू सोडवी आणि लाकूड तेवढं गोणपाटात गुंडाळून घेऊन येई. नळी मालकाकडेच राही. उद्या पोलिसानं घराची झडती घेतली तर त्याला लाकडाखेरीज काही सापडू नये, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

तरुणपणी काही वर्षं तो बेळगावात एका बंदुकांच्या दुकानात कामाला होता. तिथून येताना त्यानं पैसा आणला नाही, हत्यारं आणली. कॅनव्हासच्या गुंडाळीत प्रत्येकासाठी वेगळी खाच शिवलेली होती. त्यात पेचकस होते, एकाच्या पात्यासारखं दुसऱ्याचं नाही, कारण प्रत्येक पातं त्या त्या स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असं त्यानं दगडावर घासून घेतलं होतं. बाजारचा पेचकस खाचेत हलतो, हलला की घसरतो आणि घसरला की मालकाच्या लोखंडावर ओरखडा पडतो. दोन ओळींचे दात असलेली एक कोरणी होती. तिची एक ओळ आधीच्या रेघेत चाले आणि दुसरी पुढची रेघ पाडी. आडव्या-तिडव्या रेघा पडल्या की मुठीवर बारीक चौकडी उठे, म्हणजे घामेजलेला हातही निसटत नसे. शेवटचा हात मारायला मुशी माशाचं वाळवलेलं खरखरीत कातडं. पॉलिशकागदापेक्षा ते बरं, आणि बंदरावर फुकट मिळे.

पंच्याऐंशी सालच्या मार्चात विधानसभेची निवडणूक आटोपली आणि ठाण्यात जमा झालेली हत्यारं ज्याची त्याला परत मिळाली. लोकसभेपासून सगळं ठाण्यातच पडून होतं. भाईंचं पिस्तूलही परत आलं आणि लागलीच गुणाजीला बोलावणं आलं.

भाई म्हणजे खाजणवाडीचे ट्रॉलरवाले. उंच, कमी बोलणारे, पांढऱ्या सदऱ्यातले. पलीकडच्या बंदरातल्या ट्रॉलरवाल्याशी त्यांचं वैर होतं. आपल्यावर घाव येणार असं त्यांना कायम वाटे आणि म्हणून पिस्तूल उशीखाली असे. मागल्या वर्षी बाबली तांडेलानं त्या पलीकडच्या माणसाला खबर दिली, असा भाईंना संशय आला. खबर दिली होती की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. पण बाबलीचा उजवा हात होडीच्या काठावर धरून त्यावर वल्हं घातलं गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबली आता डाव्या हातानं जेवतो.

गुणाजी ओटीवर बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बाबलीचा हात होता.

"भाईनू, आत गोळी नाय मां?"

"तुका काय वाटता?"

"माका काय वाटाचा नाय. तुमी बघून द्या."

भाई हसले. मॅगझिन काढलं, वरचा सरकता भाग मागे ओढून दाखवला आणि पिस्तूल त्याच्यापुढे ठेवलं. मुठीची दोन्ही लाकडं ओल पिऊन फुगली होती, एक उभं चिरलं होतं. स्क्रू गंजून बसला होता. गुणाजीनं घासलेटचा थेंब सोडला, वाट पाहिली, गुंडाळीतला सगळ्यात अरुंद पेचकस काढून खाचेत बसवला आणि त्याच्या डोक्यावर हलक्या हातानं ठोकलं. मग एकाच दमात पिळलं. स्क्रू सुटला. लोखंडावर रेघसुद्धा उमटली नाही.

"नवी कर. शिसवी घाल," भाई म्हणाले. "आणि परत ओल लागता नये. पाडव्याआधी होयी."

पाडवा अगदी जवळ आला होता. गुणाजीनं मान हलवली. भाईंना नाही म्हणणारा माणूस त्याच्या पाहण्यात नव्हता.

लाकूड छान उतरलं. चौकडी इतकी सरळ पडली की चंद्रावतीनं, त्याच्या बायकोनं, चूल सोडून येऊन बघितली. हात बसावा म्हणून त्यानं आधी शिसवीच्याच एका तुकड्यावर तसलीच चौकडी कोरून पाहिली होती. तो तुकडा खिडकीत पडला होता. आता राहिलं होतं ते तेल. बेळगावात मुठीला अळशीचं तेल देत, पण ते हात-दोन हात देऊन महिनाभर वाळू द्यावं लागतं आणि खाडीच्या दमट हवेत तर त्याहून जास्त. तेवढा वेळ नव्हता.

मग गुणाजीनं तेच केलं जे तिथला कोणीही सुतार होडीच्या तळाला करतो. काजूच्या टरफलांचं तेल घेतलं. काळं, दाट, खारं पाणी आणि वाळवी दोन्ही दूर ठेवणारं. बंदुकीच्या दस्त्यालाही तो ते देई, पण जुनं, वर्षभर मुरलेलं तेल देई आणि दस्ता कौलांवर उन्हात बरेच दिवस टाकी. या खेपेला जुन्या तेलाचा डबा कोरडा होता. वाडीत काजू भाजायला लागले होते, ताजं तेल होतं. ते त्यानं गरम केलं, लाकडात जिरवलं, पुसलं, कडक उन्हात ठेवलं. अंगठा फिरवून पाहिला. कोरडं. भाईंच्या ओटीवर जाऊन लाकडं बसवली, स्क्रू आवळला आणि मोकळ्या अंगानं घरी आला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रावती न्हाणीतून लंगडत आली.

"अवो, हां बघा काय झालां."

तिच्या घोट्याच्या वर, कातडी पातळ असते तिथं, फोडांची ओळ उठली होती.

"काजू फोडताना डीक लागलो असतलो," गुणाजी म्हणाला. त्या भागात टरफलातल्या त्या जाळणाऱ्या तेलाला डीक म्हणतात, आणि डिकाचा फोड लहान पोरही ओळखतं.

"मी हाताक राख लावल्याशिवाय काजयेक शिवणंय नाय. आणि काजू काय पायान फोडतत?" चंद्रावती म्हणाली. "तुमच्या त्या खिडकेतल्या तुकड्यान टाच नि घोटो घासललंय. खरखरीत होतो, वजरीसारखो. परवा."

गुणाजी खिडकीशी गेला. नमुन्याचा तुकडाही त्यानं मुठीबरोबरच तेलात घातला होता, त्याच उन्हात ठेवला होता. आता तो उजेडात धरला आणि बारीक पेचकसाचं टोक चौकडीच्या एका रेघेतून ओढलं. टोक ओलं आलं. काळं आणि चिकट.

वरून वाळलं होतं. रेघांच्या तळाशी वाळलं नव्हतं. आणि त्याच्या अंगठ्याला ते कळलं नव्हतं, कारण त्या अंगठ्यावर तीस वर्षांचा घट्टा होता.

"काय झालां?" चंद्रावतीनं विचारलं.

गुणाजी खाली बसला. भाई उकाड्याचे, घामेजल्या हातानं, उशीखालून पिस्तूल काढणार. चौकडी घट्ट धरता यावी म्हणूनच कोरलेली. जितकं घट्ट धरतील तितकं तेल वर येणार.

"काय नाय," तो म्हणाला.

संध्याकाळी लवू आला. लवू भाईंची जीप चालवी आणि सांगितलेली बाकीची कामंही करी. बाबलीचा हात त्यानंच धरला होता असं म्हणत. तो अंगणातच उभा राहिला.

"मेस्त्रीनू, लाकडाक घासलेट लागला तर वायट जाता काय?"

"कित्याक?"

"भाईंचो हात बघूक व्हयो. पावासारखो सुजलो. तोच हात डोळ्याक लागलो, डोळोय बंद. डॉक्टर मलम देऊन अॅलर्जी म्हणालो. भाई म्हणाले, तुझी अॅलर्जी तुझ्या घरात ठेव, माका डीक कळता." लवू इकडे-तिकडे बघून आवाज उतरवून म्हणाला, "कोणीतरी पिस्तुलाक डीक फासलो, मेस्त्रीनू. भाईंनी टायमावर हत्यार धरता नये म्हणून. मी घासलेटान सगळा पुसून काढलंय. आता लाकूड खराब झाला तर भाई माकाच फाडतले."

"लाकडाक काय होना नाय," गुणाजी म्हणाला. आपला आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटला त्याला.

"बरां. उद्या सकाळी देवळात येवा. घरटी एक माणूस होयो. भाई कौल लावतत."

"कोणावर?"

"पद्मावतीवर. आणखी कोणावर? अंथरूण ती झाडता. उशी ती उचलता. दुपारी जाता खंय? काजू भाजूक." लवूनं बोटं मोडली. "आणि झिल बुडलो तेव्हा वेळेवर भाईंका काय काय बोलली तां सगळ्या वाडीन ऐकला. मांगरात घातली आसा, शेळयेंबरोबर. कौल झालो की बघू."

पद्मावतीचा एकुलता मुलगा आदल्या हंगामात भाईंच्या ट्रॉलरवरून गेला तो परत आला नव्हता. 'तुझो हात झडांदे' असं ती भर वेळेवर, म्हणजे समुद्राच्या काठावर, सगळ्यांसमोर म्हणाली होती. तरी पोटासाठी त्याच घरात झाडू मारी.

लवू गेला. चंद्रावतीनं सगळं ऐकलं होतं. ती दारातून हलली नाही.

"तुमच्या मुठीन झालां मां ह्यां?"

गुणाजी हातावर हात ठेवून बसला. त्याला ठाऊक होतं, भाई पहिला प्रश्न 'तुझी चूक कशी झाली' हा विचारणार नाहीत. 'तुका कोणी पैसे दिले' हा विचारतील. बाबलीलाही तोच विचारला होता. आणि गुणाजीकडे तर द्यायला नावच नव्हतं.

"आताच जावन सांगा," चंद्रावती म्हणाली.

"सकाळी बघूया."

"सकाळी काय बघतलास?"

"गप रव गो."

तिनं जेवण वाढलं आणि आपण जेवली नाही.

सातेरीच्या देवळात सकाळी वाडी जमली. भाई खांबाशी बसले होते, उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात, एक डोळा मिटलेला. पिस्तूल पंचावर ठेवून पुढ्यात. पद्मावतीला लवूनं पायरीशी बसवलं होतं. लुगड्याला लेंड्या लागलेल्या, केसांत गवत. ती कोणाकडेच बघत नव्हती.

महादू गुरवानं गाऱ्हाणं घातलं. एकेका वाक्याला लोकांनी "व्हय महाराजा" म्हटलं. गुणाजीनं ते एकदाही म्हटलं नाही. शेजारच्यानं त्याच्याकडे बघितलं.

आता गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवणार होता. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौल एकदा झाला की त्याच्यावर कोणी बोलत नाही. मग ते बोलणं भाईंच्या विरुद्ध राहत नाही, देवीच्या विरुद्ध होतं. गुरवानं पाकळ्या पाण्यात बुडवल्या. गुणाजी पुढे झाला.

"महादू, थांब," तो म्हणाला. "पाकळी लावू नको. तो डीक माझो आसा."

भाईंनी एका डोळ्यानं त्याच्याकडे बघितलं.

"म्हंजे?"

त्यानं सांगितलं. अळशीचं तेल नाही, ताजं टरफलांचं तेल, घाई, ऊन, रेघांच्या तळाशी राहिलेली ओल. बोलताना त्याला कळलं की आपण फार भरभर बोलतोय आणि खोटं बोलणारा असाच बोलतो.

"कोणी सांगितल्यान तुका?" भाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"कोणी नाय, भाईनू."

"पलीकडसून कोण इल्लो?"

"कोणीच नाय."

"गुरवा, मुद्दाम करणारो असो सांगूक येता?" गर्दीतून एक म्हातारा म्हणाला.

"होडीक सगळे हेंच तेल देतत," लवू पुढे झाला. "होडी सुकली की तेच्यावर पोरां बसतत. कोण भाजला? मेस्त्री ह्या म्हातारेक वाचवूक बघता."

"सुकली की नाय भाजत. ह्यां सुकूक नव्हता," गुणाजी म्हणाला. "माझ्या बायकोचो पाय बघा."

"तुझी बाईल मौसमभर काजू फोडता," भाई म्हणाले. "तिका फोड येवचे नाय तर काय फुलां येवची?"

दोघे-तिघे हसले. मग त्याला लवूचं कालचं बोलणं आठवलं.

"लवून पिस्तूल घासलेटान पुसल्यान," तो म्हणाला. "वरसून कोणी फासलो असतो तर तो डीक गेलो. आता लाकूड कोणाक भाजूचा नाय. पण माझो आतसून आसा. तो रेघेत आसा. तो जाना नाय. लाकडां काढतंय. माझ्याच अंगाक बांधा."

"तुझे हात म्हशीच्या चामड्यासारखे."

"हाताक नको. हंय." त्यानं बाही वर केली आणि दंडाची आतली बाजू दाखवली. तिथली कातडी त्याच्या अंगावर सगळ्यात गोरी होती.

भाईंनी तो दंड निरखला. मग डाव्या हातानं मॅगझिन काढून लवूकडे दिलं आणि पिस्तूल पंचासकट गुणाजीकडे सरकवलं.

"उद्या सकाळी सोडूया. फोड इलो तर पद्मावती सुटली. नाय इलो तर तू खोटो बोललंस. आणि खोटो कोणासाठी बोललंस तां मी तुझ्याकडसून काढतलंय."

गुणाजीनं गुंडाळी उघडली. अरुंद पेचकस काढला आणि खाचेत बसवला. तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. पातं घसरलं आणि भाईंच्या पिस्तुलावर लांब पांढरा ओरखडा उमटला. भाईंनी तो पाहिला.

लाकडं निघाली. लवूनं ती चौकडी आत करून त्याच्या दोन्ही दंडांना फडक्यानं करकचून बांधली आणि फडक्याच्या गाठीवर गुरवानं देवीचं कुंकू लावलं, कोणी सोडू नये म्हणून. पद्मावतीला परत मांगरात नेलं.

गुणाजीला देवळाच्या ओवरीत बसवलं. समोर लवू. ऊन चढलं. तोपर्यंत गुणाजीला भीती होती ती मुठीनं भाजण्याची. आता उलट झालं. लवूनं किती घासलेट वापरलं असेल? पुसलं असेल की लाकूड बुडवलंच असेल? घासलेट पातळ असतं, रेघेत उतरतं, तेल सोडवतं. ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? गंजलेला स्क्रू सोडवायला तो तेच वापरी. चौकडी त्यानं खोल कोरली होती की उथळ, हे तो आठवू लागला. उथळ कोरली असती तर सगळं धुऊन गेलं असेल. आपलं काम नीट झालं नसावं, तेल वाळलं नसावं, असं त्यानं त्या दिवशी जितकं मनापासून मागितलं तितकं आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

"लवू, कितको घासलेट घातलंस?"

"कित्याक? लाकूड खराब झाला?" लवू दचकला.

"नाय. असोच इचारतंय."

"पुसलंय रे बाबा. खूप पुसलंय."

दुपार गेली. दंडाला काही जाणवत नव्हतं. दिवेलागणीला चंद्रावती पेज घेऊन आली आणि लवूसमोर नुसतं बघून गेली. घाम आला की तेल वर येईल म्हणून गुणाजी दंड अंगाशी घट्ट धरून बसला. कधी डोळा लागला ते कळलं नाही. जाग आली ती खाजेनं. डाव्या दंडाला फडक्याखाली मुंग्या लागल्यासारखं होत होतं. भासही असेल, असं त्याला वाटलं. तो हलला नाही. हळूहळू ती खाज आगीसारखी झाली, आणि मग उजव्याही दंडाला. गुणाजीनं भिंतीला टेकून डोळे मिटले.

सकाळी पुन्हा वाडी जमली. गुरवानं गाठ सोडली. लाकूड कातडीला चिकटलं होतं, ते ओढून काढावं लागलं. खाली लाल कातडीवर फोड उठले होते. एकसारखा डाग नव्हता. ओळीनं उठले होते, आडवे-तिडवे, गुणाजीनं कोरलेल्या चौकडीच्या रेघेवर रेघ. पुढच्या माणसानं ते बघितलं आणि मागच्याला बघायला वाट करून दिली.

भाईंनी जवळ येऊन वाकून पाहिलं. आपल्या तळव्यावरचं फडकं थोडं सरकवून तिथंही पाहिलं.

"पद्मावतीक सोडा," ते म्हणाले. मग गुणाजीकडे वळले. "तुझी हत्यारां खंय?"

गुणाजीनं गुंडाळी पुढे केली. भाईंनी गुंडाळी उलगडली, हत्यारांवरून बोट फिरवलं आणि तो अरुंद पेचकस खाचेतून उपसून सदऱ्याच्या खिशात टाकला.

"हो माझ्याकडे रवतलो. माझ्या पिस्तुलाक आता कोण हात लावूचो नाय."

तेवढंच. ते निघून गेले. पुढं त्या पिस्तुलाला लाकूड बसलंच नाही. लवूनं त्याच्या मुठीवर जाळ्याची नायलॉन दोरी आवळून गुंडाळली आणि भाई तसंच वापरू लागले. गुणाजीनं दुसरा तसा पेचकस घासला नाही. ती खाच रिकामीच राहिली.

तो देवळाच्या पायऱ्या उतरत होता तेव्हा पद्मावती समोरून आली. लुगडं झटकत होती.

"गुणाजी, तुका आदल्या दिसाक ठावक होता?"

"होता."

"मगे माका शेळयेंच्या मुतात कित्याक बसवलंस? एक रात तू भियालंस म्हणून, दुसरी तुझी परीक्षा म्हणून."

तिनं त्याच्या दंडाकडे बघितलं, मान तिरकी करून, बाजारात मासा बघावा तशी.

"खोबरेल लाव," ती म्हणाली. "आणि खाजवू नको, मेल्या." आणि झाडू मारायला भाईंच्या घराकडे निघाली.